आहुपे डायरी: पावसाच्या आधी झाडं मोजायला

शनिवार

मे महिना संपत आला की आमची धावपळ सुरू होते, कारण एकदा पाऊस लागला की आहुप्याच्या बाजूला टेप घेऊन उतारावर उभं राहणं अवघड होतं. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, की मागच्या वेळची झाडांची मोजणी याच दिवसांत झालीये त्यामुळे या वेळचीही याच दिवसांत व्हायला हवी. ते पुढे सांगते सविस्तर.

मी रिसर्च टेक्निशियन आहे, जंगलाच्या इकॉलॉजीवर काम करणाऱ्या टीममधे. पेपर लिहिणारे, ग्राफ काढणारे वेगळे, आणि प्रत्यक्ष झाडाला टेप लावणारे, टॅग ठोकणारे, पालापाचोळा गोळा करून वजन करणारे, रात्री बसून सगळं कॉम्प्युटरमधे भरणारे आम्ही. लोकांना वाटतं की दिवसभर निसर्गात फिरायचं, मजा. मजा आहेच, ते मी नाकारत नाही, पण काम काय असतं ते फारसं कुणी लिहीत नाही म्हणून ही डायरी.

पुण्यातून अंधारातच निघालो. मी, पीएचडी करणारी मैत्रीण, आणि नुकताच बॉटनीत एमएस्सी होऊन आमच्याकडे लागलेला एक मुलगा. गाडीत सामान ठासून भरलेलं: टेपा, दोन कंपास, उताराचा कोन मोजायचा क्लिनोमीटर, ॲल्युमिनियमचे टॅग आणि ॲल्युमिनियमचेच खिळे, ऑइल पेंटचे डबे, ब्रश, नायलॉनची दोरी, वर्तमानपत्रांची रद्दी, फांद्या-पानं दाबून वाळवायचा हर्बेरियम प्रेस, स्प्रिंग बॅलन्स, कापडी पिशव्या, आणि पेन्सिली. पेन नाही, पेन्सिलीच. कागदावर घाम पडला, पाऊस पडला तरी पेन्सिलीचं लिहिलेलं राहतं, शाईचं जातं. हे नवीन मुलाला पहिल्याच दिवशी सांगितलं.

मंचर, घोडेगाव, मग डिंभे धरण, आणि तिथून बॅकवॉटरच्या कडेकडेने रस्ता वर चढत जातो. या दिवसांत पाणी खूप खाली गेलेलं असतं आणि कडेची माती उघडी पडलेली दिसते. घोड नदी आहुप्याच्याच परिसरात उगम पावते, म्हणजे आपण धरणापासून उलटे नदीच्या मुळाकडे जात असतो. आहुपे अगदी घाटमाथ्याच्या टोकावर, गावाच्या पलीकडे कडा संपतो आणि खाली एकदम कोकण, समोर गोरखगड-मच्छिंद्रगड. आज धुरकट होतं, नीट दिसलं नाही.

हा सगळा भाग भीमाशंकर अभयारण्यात येतो. 1985 साली जाहीर झालेलं, सुमारे 130 चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. अभयारण्यात संशोधनासाठी जायचं तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 28 खाली परवानगी लागते आणि ती मिळवण्यात जो वेळ जातो तो धरूनच प्रोजेक्टचं वेळापत्रक करावं लागतं. परमिटच्या कॉपी मी तीन ठिकाणी ठेवते, एक बॅगेत, एक गाडीत, एक ज्यांच्याकडे राहतो त्या मामांच्या घरात.

मामांच्या ओट्यावर बाळहिरडा वाळत घातलेला, काळा कुळकुळीत झालेला. हंगाम संपत आलाय. इकडच्या महादेव कोळी घरांना वर्षाचा रोख पैसा देणारं हे फळ, हिरडा पूर्ण वाढायच्या आत झाडावरून झोडपून काढायचा, वाळवायचा, विकायचा. आणि याचा जंगलाशी थेट संबंध आहे. गावाभोवती मोठमोठे हिरडे उभे दिसतात कारण उत्पन्न देणारं झाड कुणी तोडत नाही. पुस्तकात जंगलाचा प्रकार म्हणून जे लिहिलेलं असतं त्यात माणसाच्या अशा निवडीचा केवढा हात असतो ते इथे आल्याशिवाय कळत नाही.

रविवार

पहिलं काम प्लॉट शोधणं, म्हणजे ज्यातली तीच ती झाडं दर मोजणीला पुन्हा मोजतो ती आखलेली जागा. तो एक हेक्टरचा, म्हणजे 100 बाय 100 मीटर, आत 20 बाय 20 चे 25 तुकडे. सगळ्यांना वाटतं जीपीएस आहे की, काय शोधायचं त्यात. पण दाट कॅनपीखाली, म्हणजे झाडांच्या शेंड्यांच्या छताखाली, जीपीएस पाच-दहा मीटर सहज इकडेतिकडे दाखवतो आणि तेवढ्यात इथे तीन-चार झाडं येतात. त्यामुळे जीपीएस फक्त जवळपास नेतो, पुढे कोपऱ्यात गाडलेले लोखंडी पाइप, कंपास आणि दोरी.

बहुतेक पाइप सापडले. ओढ्याकडच्या कोपऱ्यातला मात्र गायब. शेजारच्या दोन कोपऱ्यांवरून कंपास लावून जागा काढली, मग आसपासच्या टॅग लावलेल्या झाडांची जुन्या नकाशातली अंतरं ताडून पाहिली, जुळली, आणि नवीन पाइप गाडला. याला अर्धी सकाळ गेली. मला हे काम मनापासून आवडतं. कोपरा चुकला तर कडेची झाडं आत-बाहेर होतात आणि मग किती झाडं मेली, किती नवीन आली याचा सगळा हिशोबच खोटा.

उतारावर आणखी एक भानगड असते. 20 मीटर म्हणजे आडवे 20 मीटर, जमिनीवरून टेप टाकून नाही. 30 अंशाचा उतार असेल तर जमिनीवरून साधारण 23.1 मीटर जावं लागतं तेव्हा आडवे 20 होतात. 20 भागिले कोसाइन 30, एवढंच गणित, पण ते दर वेळी क्लिनोमीटर लावून करावं लागतं कारण उतार प्रत्येक पट्ट्यात बदलतो. नवीन मुलगा म्हणाला ताई याचं ॲप असेल ना, म्हटलं आहे, पण आधी हाताने शीक, बॅटरी उतरली तरी कोसाइन तसाच राहतो.

दुपारी मोजणी सुरू. आमच्याकडे वन खात्याची जुनी पद्धत छातीच्या उंचीवर, म्हणजे साडेचार फूट, 1.37 मीटरवर घेर मोजायची. बाहेरच्या बऱ्याच देशांत 1.3 धरतात. आमचा प्लॉट बाकीच्या प्लॉटशी तुलना करता यावी म्हणून 1.3 वर आखलाय. कोणती उंची बरोबर यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, माझं मत विचाराल तर झाडावर पेंटचा पट्टा कुठे आहे ते बरोबर. पहिल्या वेळी जिथे मोजलं तिथेच दुसऱ्या वेळी मोजलं गेलं पाहिजे, बस. इथली झाडं वर्षाला जाडीत काही मिलिमीटर वाढतात, टेप चार बोटं खालीवर झाली तर तेवढा फरक नुसत्या टेपेने पडतो, वाढीचा नसतोच तो.

उतारावर 1.3 मीटरची काठी झाडाच्या वरच्या अंगाला उभी करायची. वेल असेल तर टेप वेलीच्या खालून ओवायची. खोड फुगलेलं असेल, गाठ असेल, तर जागा बदलायची आणि किती उंचीवर मोजलं ते लिहायचं. बुंध्यातून तीन-चार खोडं फुटली असतील तर प्रत्येक वेगळं. अंजनीच्या बाबतीत तर हे सारखंच होतं, एकेका झाडाला इतकी खोडं की एका टॅगखाली अर्धं पान भरतं. 10 सेंटिमीटर व्यासाच्या वरचं झाड मोजायचं, म्हणजे घेर 31.4 च्या वर.

एक पद्धत आम्ही कटाक्षाने पाळतो. मागच्या वेळचे आकडे फक्त लिहिणाऱ्याकडे असतात, मोजणाऱ्याला दाखवायचे नाहीत. आकडा माहीत असला की हात नकळत तिकडे वळतो, टेप थोडी सैल, थोडी घट्ट. मोजणारा आकडा ओरडतो, लिहिणारा मनातल्या मनात ताडतो, आणि झाड बारीक झालेलं दिसलं किंवा एकदम भरमसाट वाढलेलं दिसलं तर नुसतं म्हणतो, पुन्हा. कारण सांगत नाही. पुण्यात गेल्यावर शंका येऊन उपयोग नाही, शंका झाडापुढे उभं असतानाच फिटली पाहिजे.

सोमवार

पहाटे नवरंग ओरडत होता, दोन सुरांची शिट्टी, आणि त्याच्या मागोमाग पावशा. पेर्ते व्हा, पेर्ते व्हा. मामा म्हणाले अजून बारा-पंधरा दिवस, मग लागेल.

आजचा दिवस ओळख पटवण्याचा. इथलं जंगल निमसदाहरित, अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, पार जांभूळ, आंबा, मधेच कुंबळ, गेळा. टॅग असलेल्या झाडाचं नाव जुन्या शीटवर असतंच, तरी दर वेळी नव्याने तपासायचं. शिवाय मधल्या काळात काही झाडं वाढून 10 सेंटिमीटरच्या वर आलेली असतात, त्यांना नवीन टॅग लागतो आणि नवीन नाव द्यायचं असतं.

नवीन मुलगा परीक्षेत फुलांवरून ओळखायला शिकलाय. जंगलात बारा महिने फूल कुठून मिळणार. बारीक अंजनी आणि बारीक जांभूळ, दोन्हींची पानं समोरासमोर, दोन्ही चिवट, लांबून एकसारखीच वाटतात. मामांनी त्याला पान उजेडाकडे धरायला लावलं. जांभळाच्या पानात शिरा दिसतात आणि कडेला लागून एक शीर धावते, चुरगाळलं की वास येतो. अंजनीच्या पानात शिरा जवळजवळ दिसतच नाहीत, वासही नाही. पिसाची पानं फांदीच्या टोकाला झुबक्याने येतात आणि पाठीमागून फिकट. मामा शाळेत फार गेले नाहीत पण वाळलेल्या पानावरून, सालीवरून, बुंध्याशी पडलेल्या फळाच्या टरफलावरून झाड सांगतात आणि जिथे त्यांना खात्री नसते तिथे सरळ म्हणतात, हे मला म्हाईत न्हाई, पावसात फळ धरल तवा बघू. असा माणूस टीममधे असणं म्हणजे काय ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पेपरमधे अशा लोकांचं नाव शेवटी आभारात येतं, माझ्या मते लेखकांच्या यादीत यायला हवं, आणि मी हे आमच्या प्रत्येक मीटिंगमधे बोलते.

जिथे मामा आणि आम्ही दोघंही अडतो तिथे सॅम्पल. परमिटमधे जेवढं लिहिलंय तेवढंच, एक लहान फांदी, टॅग नंबर लिहून वर्तमानपत्रात पसरवून प्रेसमधे. रोज कागद बदलायचे. पान एका बाजूने वर, एक पान उलटं, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात.

मेलेली झाडंही मोजायची, किंबहुना ती जास्त काळजीने. नुसतं मेलं असं लिहून चालत नाही. उभ्यानेच वाळलं, की मधेच मोडलं, की मुळासकट उपटलं, प्रत्येकामागची कारणं वेगळी असू शकतात. उभं वाळलेलं म्हणजे पाण्याचा ताण, रोग असं काहीतरी, उपटलेलं म्हणजे वारा, भिजलेली माती. पान नसलेलं झाड मेलेलं आहे की या ऋतूत पानं गाळून बसलंय हे बघायला सालीला नखाने किंचित खरवडायचं, आत हिरवं-ओलं असेल तर जिवंत. एक मोठा आंबा मागच्या मोजणीत धडधाकट होता, तो आडवा पडलेला. त्याच्या पडण्याने कॅनपीत जे भगदाड पडलं त्यातून ऊन थेट खाली आलंय आणि तिथे शेंद्री, चांदाडा असली उजेडाची रोपं गर्दीने उठलीयेत. मी त्या आंब्याजवळ बराच वेळ थांबले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण पुढच्या पंचवीस वर्षांत त्या भगदाडात काय काय घडणार हे कुणीतरी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवतंय याचं समाधानही होतं.

टॅग शोधणं हा एक वेगळाच उद्योग. खिळा पूर्ण ठोकायचा नसतो, दोन-तीन बोटं बाहेर ठेवायचा म्हणजे खोड जाड होत गेलं तरी टॅग मोकळा राहतो. आणि पट्ट्यापासून लांब ठोकायचा कारण खिळ्याभोवती झाड फुगतं आणि मोजमाप बिघडतं. जुन्या लोकांनी हे सांभाळलंय म्हणून आज आम्हाला टॅग मिळतायत. दोन ठिकाणी साल टॅगवर चढत होती, खिळा हळूच बाहेर ओढून घेतला.

मंगळवार

लिटर ट्रॅप आणि डेंड्रोमीटरचा दिवस. ट्रॅप म्हणजे एक चौरस मीटरची जाळी, जमिनीपासून वर बांधलेली, त्यात पडेल ते सगळं दर पंधरा दिवसांनी गोळा करायचं. गावातली एक ताई वर्षभर ते करते. एरवी व्यवस्थित असतं पण वानरांनी दोन जाळ्या फाडल्या होत्या, त्या बदलल्या आणि शीटवर त्या ट्रॅपपुढे फाटलेली असं स्पष्ट लिहिलं. कोरी जागा सोडायची नाही आणि शून्य तर मुळीच लिहायचं नाही, शून्य म्हणजे काहीच पडलं नाही, आणि फाटलेली म्हणजे किती पडलं ते माहीत नाही, या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गोळा केलेलं वेगळं करायचं, पानं, काटक्या, फुलं, फळं-बिया, आणि बाकीचा भुगा. ओलं वजन इथे, मग पिशव्या पुण्याला, तिथे ओव्हनमधे 65-70 अंशांवर वजन बदलायचं थांबेपर्यंत वाळवून पुन्हा वजन. कंटाळवाणं वाटेल ऐकायला. पण जंगल मातीला किती परत देतं, कधी देतं, हे कळायचा याहून साधा मार्ग नाही. आजच कुजण्याच्या पिशव्याही लावल्या, जाळीच्या पिशवीत ठरावीक वजनाचा वाळलेला पाला भरून जमिनीवर खुंटीने बांधायच्या, दर महिन्याला एकेक उचलायची आणि किती उरलं ते बघायचं. पावसाआधी लावायच्या कारण खरं कुजणं पाऊस पडल्यावरच सुरू होतं.

डेंड्रोमीटर म्हणजे खोडाभोवती स्टीलची पट्टी, तिला स्प्रिंग. झाड जाड झालं की पट्टीची खिडकी उघडत जाते, ती डिजिटल कॅलिपरने मोजायची, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. आणि इथेच मी वर म्हटलेलं दुसरं कारण येतं. मे महिन्यात बऱ्याच झाडांची खिडकी जानेवारीपेक्षा लहान झालेली असते. झाड चक्क आकसतं. खोडातलं, सालीतलं पाणी कमी होतं आणि घेर कमी भरतो, मग पाऊस पडला की फुगतो, आणि त्या फुगण्यात खरी वाढ किती आणि नुसतं पाणी किती हे वेगळं करणं कठीण. म्हणून एकदा मेमधे आणि पुढच्या वेळी ऑक्टोबरमधे मोजून चालत नाही. त्याच दिवसांत यायचं, ऊन असो, सुट्ट्या असोत, घरात लग्न असो.

हे आकडे पुढे कार्बनच्या हिशोबात जातात. झाडाचा व्यास, उंची आणि लाकडाची घनता यावरून वजनाचा अंदाज, आणि वाळलेल्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन. अंजनीचं लाकूड इतकं जड की गावात तिला लोखंडी म्हणतात, त्यामुळे बारीक दिसणाऱ्या अंजनीतही साठा बराच असतो. नुसती मोठी झाडं बघून जंगलाची किंमत ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

बुधवार

दुपारी वळीव. अकरापासूनच ढग चढायला लागले, मामांनी आभाळ बघितलं आणि म्हणाले चला. मी एका शब्दाने वाद घातला नाही. विजा असताना उंच झाडांखाली ॲल्युमिनियमचे टॅग ठोकत बसण्याइतकं कुठलंच काम तातडीचं नसतं. घरी पोचेपर्यंत पहिले थेंब, मग गारा, मग तासभर नुसता कोसळला.

मग डेटा एंट्री. आधी सगळ्या शीटचे फोटो, हा आमचा रोज रात्रीचा नियम, कागद हरवला तरी फोटो राहतो. एकजण वाचतो, एकजण भरतो, मग उलट तपासणी. मैत्रीण आणि नवीन मुलगा एंट्री करत होते आणि मी टॅग-नकाशावर आज राहिलेली झाडं खुणा करून ठेवत होते.

यावर थोडं बोलायचंच आहे मला. आमच्यासारख्या बहुतेकांच्या नोकऱ्या प्रोजेक्टवर असतात. प्रोजेक्ट दोन-तीन वर्षांचा, संपला की माणूस दुसरीकडे. झाड मात्र शंभर वर्षांचं. एका प्रोजेक्टच्या काळात ते जेमतेम एखाद-दोन सेंटिमीटर वाढतं. म्हणजे खरा निकाल यायला जेवढी वर्षं लागतात तेवढी वर्षं कुणी टिकतच नाही आणि दर वेळी नवीन माणूस येऊन कोपरा शोधण्यापासून सुरुवात करतो. कायमस्वरूपी प्लॉट म्हणायचं आणि माणसं तात्पुरती ठेवायची, हे मला पटत नाही. प्लॉटला पैसा मिळतो उपकरणांसाठी, नव्या सेन्सरसाठी, पण कुठल्या झाडाची साल टॅगवर चढते, कुठल्या ओढ्यात पावसाळ्यानंतर वाट बदलते, हे ज्याला माहितीये त्या माणसाला पुढच्या वर्षीही ठेवा यासाठी मिळत नाही. ज्यांच्या हातात हे ठरवणं आहे त्यांनी एकदा आमच्याबरोबर येऊन एक पाइप शोधून बघावा.

रात्री पाऊस थांबला आणि काजवे. वळवानंतर हवा ओली आणि वारा बंद, ओढ्याच्या वरच्या झाडांवर अख्खी फांदी एकाच वेळी उजळायची आणि एकाच वेळी विझायची, मग शेजारची. चमकणारे मुख्यतः नर असतात, मादीला खूण करत असतात, त्यामुळे टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश, गाडीचे दिवे सगळं त्यांच्या मधे येतं. भीमाशंकरकडे आता या दिवसांत काजवे बघायला गाड्याच्या गाड्या येतात. यायला हरकत नाही, पण दिवे बंद करून, रस्त्यावर उभं राहून बघा, आत शिरू नका. काजव्याच्या अळ्या ओल्या मातीत, पाचोळ्यात वाढतात आणि गोगलगायींवर जगतात, आपण बूट घालून जिथे उभे राहतो तिथेच.

गुरुवार

देवराईत. आहुप्याची भैरवनाथाची देवराई, आणि तिथली गारंबी. ज्यांनी गारंबीचा वेल पाहिला नाही त्यांना त्याची जाडी सांगून पटत नाही, मांडीएवढं, कुठे कमरेएवढं खोड, पिळे घेत वर गेलेलं, एका झाडावरून दुसऱ्यावर, पुन्हा खाली, पुन्हा वर. शेंगा मीटरभराच्या, त्यात गुळगुळीत तपकिरी बिया.

वेल मोजायची रीत झाडापेक्षा वेगळी. जमिनीपासून सरळ 1.3 मीटर नाही, तर मूळ जिथून निघालं तिथून खोडाच्या कडेकडेने 1.3. एकच वेल जमिनीला टेकून पुन्हा मूळ धरतो तेव्हा तो एक धरायचा की दोन, यासाठी दोन्ही टोकं हाताने चाचपत जावं लागतं. या एका गारंबीवर आमचा बराच वेळ गेला आणि तो सार्थकी लागला असं मला वाटतं, कारण नुसती झाडं मोजली तर देवराईचा अर्धा जीव कागदावर येतच नाही.

महाराष्ट्रातल्या देवरायांचा पद्धतशीर अभ्यास 1970 च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी केला, त्यानंतर कितीतरी जणांनी. इथल्या लोकांना त्याआधी कितीतरी पिढ्या माहीत होतं की इथे कुऱ्हाड लावायची नाही, पडलेलं लाकूडही न्यायचं नाही. हे दुसरं फार महत्त्वाचं. पडलेल्या ओंडक्यात बुरशी, किडे, विंचू, सापसुरळ्या, आणि कुजत जाऊन त्यावरच नवीन रोपं. साफसूफ केलेल्या जंगलात हे काहीच नसतं. देवळाकडे जाताना चपला काढल्या, मामांनी नारळ ठेवला, मग कामाला लागलो.

रोपांचे चौकोन एक बाय एक मीटरचे. जांभळं पिकायला लागलीयेत, खाली सडा, आणि उदमांजराच्या विष्ठेत नुसत्या जांभळाच्या बिया. जांभळाचं बी वाळलं की मरतं, साठवून ठेवता येत नाही, म्हणून पावसाच्या तोंडावर पिकणं हा त्याचा जगण्याचा मार्ग आहे. पडलं, आठ-पंधरा दिवसांत पाऊस, लगेच रुजलं. पाऊस लांबला तर त्या वर्षीच्या रोपांवर थेट परिणाम होणार. हे आम्हाला दर वर्षीच्या चौकोनांतून बघायचंय, त्यामुळे प्रत्येक रोपाजवळ रंगीत तार टोचून नंबर.

चौकोनांत कारवीही येते. कारवी 10 सेंटिमीटरच्या नियमात कधीच बसत नाही, त्यामुळे झाडांच्या मोजणीत ती नसतेच, पण खालचा सगळा थर तीच व्यापून असते आणि 7 वर्षांनी एकदा सगळी फुलून मरते तेव्हा जमिनीवरचा उजेडच बदलतो. तिचे वेगळे चौकोन ठेवायचा हट्ट मी धरला होता, आता सगळ्यांना त्याचा उपयोग दिसतोय.

शुक्रवार

उरलेले तुकडे संपवले आणि कॅनपी मोजली. डेन्सिओमीटर म्हणजे फुगीर आरसा, त्यावर 24 चौकोन कोरलेले, प्रत्येकात चार ठिपके कल्पायचे, म्हणजे 96. किती ठिपक्यांत आभाळ दिसतं ते चारही दिशांना तोंड करून मोजायचं, सरासरी काढून 1.04 ने गुणलं की मोकळ्या आभाळाची टक्केवारी. मान खाली घालून आभाळ मोजायचं यंत्र, नवीन मुलाला ते फार आवडलं. पहिल्या दिवशी तो फुलं शोधत होता, आज चार झाडं त्याने मामांच्या आधी सांगितली, साल बघून.

शेकरूची घरटीही नोंदवली. आपला राज्यप्राणी, आणि भीमाशंकरची ओळखच तो. काटक्या-पानांचं मोठं गोल घरटं, एकाच शेकरूची अशी बरीच असतात, त्यामुळे घरट्यांवरून शेकरू किती हे सरळ मोजता येत नाही. आम्ही फक्त झाड कोणतं, घेर किती, आणि त्याच्या फांद्या शेजारच्या झाडांना भिडतात का ते लिहितो. बहुतेक घरटी भिडणाऱ्या झाडांवरच मिळाली. जमिनीवर न उतरता जाता यायला हवं त्याला. तो पडलेला आंबा आठवला, त्या भगदाडाच्या दोन्ही कडांना आता रस्ता तुटलाय.

या कामात यायचं असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगते की डिग्री लागते, बॉटनी, झूलॉजी, पर्यावरण, फॉरेस्ट्री काहीही चालतं, पण त्याहून जास्त लागतं ते संध्याकाळी चार वाजता, पाय भरून आलेले असताना, शेवटच्या झाडालाही पहिल्या झाडाइतकीच नीट टेप लावणं. गोचीड रोज रात्री अंगावरून शोधून काढायची सवय ठेवा. आणि स्थानिक माणसांशी बोलायला शिका, ऐकायला तर आधी.

परमिटप्रमाणे गार्डला नोंद दिली, ट्रॅपवाल्या ताईला नवीन जाळ्या आणि पुढच्या महिन्यांच्या कोऱ्या शीट दिल्या. कुजण्याच्या पिशव्यांपैकी पहिली जूनअखेर तीच उचलणार आहे.

निघण्याआधी प्लॉटच्या वहीत पुढे येणाऱ्यांसाठी लिहून ठेवलंय, तेच इथेही देते कारण पुढच्या मोजणीला मी असेन की नाही माहीत नाही. ओढ्याकडच्या कोपऱ्यात नवीन पाइप आहे, वर पिवळा रंग, शेजारच्या हिरड्याच्या बुंध्याशी दगडांची रास केलीये. वरच्या उजव्या पट्ट्यात दोन अंजन्यांचे खिळे पुढच्या वेळीही ओढावे लागतील. आंब्याच्या भगदाडात सगळ्या नवीन रोपांना आताच तार टोचलीये, त्यातली कुठली 10 सेंटिमीटरवर येतात ते बघा. पट्टे फिके झाले असतील तर आधी मोजा, मग रंगवा. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात या.